पक्षी सोडून सगळं फोकसमध्ये

पुण्यातल्या बिबवेवाडीत काढलेल्या पक्ष्याच्या फोटोत पक्षी शोधावा लागतो. आधी दिसते पाण्याची काळी टाकी. मग डिश अँटेना. मग केबलवाल्यांनी या इमारतीवरून त्या इमारतीवर नेलेल्या आणि कनेक्शन बंद झाल्यावर तशाच सोडून दिलेल्या वायरी. त्यांच्यामागे कुणाची तरी वाळत घातलेली बर्म्युडा, आणि या सगळ्यातून जी काही जागा उरते तिच्यात एक करडा ठिपका. तो ठिपका हाच पक्षी, हे कळावं म्हणून त्याच्याभोवती लाल गोल काढलेला असतो. खाली प्रश्न : "हा कोणता पक्षी? आत्ताच आमच्या गच्चीवर."

सोसायटीच्या ग्रुपवर असा फोटो आला की टँकर, लिफ्ट आणि मेंटेनन्स हे तिन्ही विषय तात्पुरते तहकूब होतात. एक जण सांगतो, शिक्रा. दुसरा म्हणतो, शिक्रा कसला, कोकिळाची मादी आहे, अंगावरचे ठिपके बघा. ठिपके पक्ष्याचे की कॅमेऱ्याचे यावर थोडी चकमक होते. तिसऱ्याला ते टाकीच्या झाकणाचं तुटकं टोक वाटतं, आणि पुष्कळदा तिसराच बरोबर निघतो.

बी विंगमधल्या आजी या वादात पडत नाहीत. त्या फोटो मोठा करतात तो मागचं बघायला. "अहो, हा आजचा कुठला? मागच्या गच्चीवर सांडगे आहेत. आणि टाकीला जुनी शिडी दिसतेय, ती दसऱ्याआधी बदलली. हा चैत्रातला फोटो आहे." फोटो टाकणारे गृहस्थ थोडा वेळ गप्प राहतात. मग लिहितात, "हो काकू, मोबाईल साफ करताना सापडला, म्हटलं टाकावा."

पक्षीनिरीक्षणाच्या पुस्तकांत चोच बघा, शेपटी बघा, पायांचा रंग बघा, उडण्याची ढब बघा असं सांगितलेलं असतं. माळरानावर ते ठीक आहे. बिबवेवाडीत ऋतू कळतो तो पक्ष्याच्या मागे काय वाळतंय, काय टांगलंय आणि काय गळतंय यावरून. आमच्या वर्षभराच्या फोटोंतून सगळे पक्षी पुसून टाकले तरी मागे पंचांग शिल्लक राहील. माझं तर म्हणणं असं आहे की हे फोटो वाईट आहेत म्हणूनच भरवशाचे आहेत. पण हे म्हणणं बँकेतल्या काकांसमोर मांडायची सोय नाही.

बँकेतले काका हे आमच्याकडचे अधिकृत पक्षीमित्र. निवृत्त झाले त्या वर्षी मुलाने त्यांना लांबचं ओढून आणणारा कॅमेरा घेऊन दिला. तेव्हापासून ते गॅलरीत हिरव्या जाळीमागे बसतात. टेबलावर सलीम अलींचं 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' आणि मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश'. बोलताना 'लायफर', 'रेकॉर्ड शॉट', 'साइटिंग' असे शब्द इतक्या सहज येतात की नव्या भाडेकरूंना ते अजून बँकेतच आहेत असं वाटतं. लायफर म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा दिसलेला पक्षी. रेकॉर्ड शॉट म्हणजे फोटो वाईट आहे, पण पक्षी होता.

काका नव्या माणसाला सलीम अलींची गोष्ट हमखास सांगतात. १९०८ च्या सुमारास शाळकरी सलीमने एअरगनने एक चिमणी पाडली. गळ्यावर पिवळा डाग. ही कुठली चिमणी ते कळेना, म्हणून मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडलं. तिथले सचिव मिलर्डसाहेब. त्यांनी चिमणी ओळखून दिली, पीतकंठी चिमणी म्हणून, आणि वर कपाटं उघडून मुलाला जतन केलेले पक्षी दाखवले. त्यातून भारताचा पक्षितज्ज्ञ घडला. काका ही गोष्ट प्रेरणा म्हणून सांगतात. ऐकणाऱ्यांच्या मनात येतं की सलीम अलींच्या हातात निदान अख्खा पक्षी तरी होता. आणि सोसायटीचे सचिव असली कामं करतात हे ऐकून आमचे सचिव विषय बदलतात.

आमचं पक्षीवर्ष उन्हाळ्यात सुरू होतं, कारण उन्हाळ्यात सगळी बिबवेवाडी गच्चीवर असते. सकाळी सातच्या आत कुरडया, मग पापड, संध्याकाळी गार फरशीवर पाणी मारून गप्पा. मोबाईलच्या कॅमेऱ्याला समोरचं महत्त्वाचं काय ते आपोआप कळतं म्हणतात. त्याला कुरडई कळते. ए विंगच्या वहिनींनी जांभळ्या सूर्यपक्ष्याचा फोटो काढला, त्यात कुरडईचा धागा न् धागा मोजून घ्यावा इतका स्पष्ट आणि मागे जास्वंदीवर एक जांभळट डाग. फोटोखालच्या पहिल्या प्रतिक्रिया "गव्हाच्या का?" आणि "गहू किती दिवस भिजवले?" अशा होत्या. सूर्यपक्ष्याची चौकशी बऱ्याच उशिरा झाली, तीही वहिनींनीच केली.

याच दिवसांत तांबट टुक-टुक-टुक करत दुपार ठोकून काढतो. हिरवा, कपाळावर लाल टिळा, एवढासा पक्षी, पण उंबराच्या पानांत तो दिसत नाही आणि आवाज कुठून येतो तेही कळत नाही. सी विंगच्या एका सभासदाने तीन दिवस पाण्याचा पंप तपासून घेतला होता. आवाज ऐकून पक्षी ओळखणारी अॅप आता मोबाईलमध्ये मिळतात. मुलं ती घेऊन गच्चीवर जातात, हात उंच धरतात आणि "सगळे गप्प बसा" असं ओरडतात. मग एका घरातून कुकरची शिट्टी येते, दुसऱ्या घरातून "दूध उतू जातंय", रस्त्यावरून भंगारवाला जातो, आणि अॅप बराच विचार करून कावळा सांगतं.

कोकिळाला अॅप लागत नाही. पहाटे चारलाच तो आपली नोंद करतो. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवर २०२३ मध्ये एक मोठा अहवाल आला, 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स'. तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांनी गोळा केलेल्या तीन कोटींवर नोंदी, ९४२ जातींचा अभ्यास. बहुतेक निरीक्षक आमच्यासारखेच हौशी. पुष्कळ जातींची परिस्थिती चिंतेची आहे असं त्यात म्हटलं होतं. पण काही जाती मजेत आहेत, आणि त्यांत कोकीळ आहे आणि पारवाही आहे. काकांनी ही माहिती ग्रुपवर टाकली. ज्यांच्या खिडकीला लागून आंब्याचं झाड आहे त्या गृहस्थांचं उत्तर पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी आलं : "अहवालाची गरज नव्हती." पारव्यांबद्दल कुणी काही लिहिलं नाही. गॅलरीला जाळी बसवून देणाऱ्याचा नंबर तेवढा एकाने पाठवला.

वैशाखात कावळा घरटं बांधतो आणि त्यावरून पाऊस सांगायची जुनी रीत आहे. आंब्यावर, करंजावर बांधलं तर पाऊस चांगला; बाभळीसारख्या काटेरी झाडावर बांधलं तर अवघड. आमच्याकडच्या कावळ्याने मोबाईल टॉवरवर बांधलं, तेही वायरीचे तुकडे आणि तारेचे हँगर वापरून. त्याचा पाऊस किती, हे कुठल्याच पोथीत नाही. आजींनी फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाल्या, "तो लाल हँगर आमचा आहे."

जून लागतो तशा फोटोंच्या मागे निळ्या ताडपत्र्या दिसू लागतात. ज्या गच्चीवर ताडपत्री, तिचं वॉटरप्रूफिंग राहिलं, हे सगळ्या परिसराला कळतं. तळजाई टेकडीच्या बाजूने पावशा ओरडायला लागतो, "पेरते व्हा, पेरते व्हा". त्याचं चुकत नाही, पण त्याला इकडची बातमी उशिरा मिळत असावी. बिबवेवाडीची शेतं केव्हाच पेरून झाली, त्यात एफएसआय उगवला. आता पेरण्याजोगी जागा म्हणजे कुंड्या, आणि त्यांतही खालच्या मजल्यावर पाणी गळतं म्हणून हरकत. तरीही ए विंगच्या वहिनी पावशाचं ऐकून दरवर्षी मेथी टाकतात. ती पारवे खातात.

चातकाची गोष्ट जरा निराळी. आफ्रिकेतून निघून अरबी समुद्र ओलांडत, मान्सूनच्या आगेमागे हा पक्षी आपल्याकडे पोहोचतो. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, दिसायला अगदी मुंजीला निघालेला. हवामान खातं, चातक आणि आमचा गच्चीचा कंत्राटदार या तिघांच्या तारखा काका वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवतात. चातक साधारण वेळेत येतो, खातं हल्ली बरंच जवळ येतं. तिसऱ्या रकान्यात काका फक्त फुली मारतात.

पावसाळ्यात गायबगळेही रंग बदलतात. एरवी पांढराशुभ्र असलेला हा बगळा विणीच्या दिवसांत डोक्यावर, मानेवर आणि पाठीवर केशरी होतो. अप्पर इंदिरानगरच्या डेपोजवळ असे चार-पाच बगळे दिसले तेव्हा ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणे ही नवी जात. दुसरा म्हणे कुणीतरी रंग टाकलाय, पोलिसांत कळवा. काकांनी पुस्तकातलं पान टाकलं. त्यावर "पान स्पष्ट दिसत नाही" अशी तक्रार आली.

भारद्वाजाचा फोटो मात्र आमच्याकडे नाही. असू शकत नाही. तपकिरी पंखांचा, लाल डोळ्यांचा हा रुबाबदार पक्षी कंपाउंडच्या भिंतीवरून चालत जातो तेव्हा त्याचं दर्शन शुभ असतं, म्हणून बघणारा आधी हात जोडतो, मग घरातल्यांना हाक मारतो, मग मोबाईल शोधतो. तोवर शुभ पलीकडच्या सोसायटीत गेलेलं असतं. आमच्याकडे त्या रिकाम्या भिंतीचे पुष्कळ फोटो आहेत. भिंतीला कुठे भेगा पडल्यात ते त्यांत उत्तम दिसतं.

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला की बिबवेवाडीतल्या पक्षीनिरीक्षणाला एकदम शिस्त येते. एरवी कावळ्याचा फोटो कुणी टाकत नाही. टाकला तर "यात काय विशेष" असं विचारतात. पितृपक्षात मात्र कावळा हा सगळ्यात दुर्मीळ पक्षी. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने २००२ मध्ये 'ई-बर्ड' सुरू केलं. तिथे नोंद करायची तर जागा, वेळ, किती वेळ पाहिलं आणि किती पक्षी दिसले हे सगळं लिहावं लागतं. आमच्या लोकांना वर्षभर सांगून हे जमत नाही. त्या पंधरवड्यात आपसूक जमतं : "सी विंग गच्ची. १२.२०. घरकावळे दोन. वडे संपले, भातावर आहेत. डी विंगने पान घेऊन लगेच निघावे." एवढी नेटकी नोंद शास्त्रज्ञांनाही हेवा वाटावा अशी. जाती वेगळ्या लिहितात हे विशेष : राखाडी मानेचा तो घरकावळा, सगळा काळा, मोठ्या चोचीचा तो डोमकावळा. पितरांना कुठला चालतो, असा प्रश्न एका तरुणाने विचारला होता. आजी म्हणाल्या, "आमच्या ह्यांना कुठलाही चालेल, पण वडा गरम हवा."

कावळ्यांनाही हा हंगाम कळतो. पानंच इतकी असतात की ते निवडून खातात. आमच्या माजी चेअरमनांच्या श्राद्धाला तर कावळा कठड्यावर येऊन बसला आणि बसूनच राहिला. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, सगळं समोर. मुलाने हात जोडून आईची काळजी घेईन म्हटलं. धाकट्या भावाशी बोलेन म्हटलं. गावाकडची जमीन विकणार नाही म्हटलं. कावळा मान वाकडी करून बघत होता, हलेना. दीड वाजून गेला, जेवणारे खोळंबले. शेवटी गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "चेअरमनसाहेब, कन्व्हेयन्स डीडचं आम्ही मनावर घेतो." कावळा उतरला. त्या क्षणाचा फोटो आहे. त्यात कावळा हललाय आणि खिरीतली वेलदोड्याची पूड स्पष्ट आलीय. कन्व्हेयन्सचं काम अजून व्हायचंय, त्यामुळे पुढच्या वर्षी काय होईल याची मुलाला काळजी आहे.

पावसाळा सरला की पक्ष्यांची वेशभूषा बदलते आणि आमचे ओळखणारे पुन्हा अडचणीत येतात. जांभळ्या सूर्यपक्ष्याचा नर वीण आटोपल्यावर साधे मातकट-पिवळट कपडे घालतो. गळ्यापासून पोटापर्यंत गडद पट्टा तेवढा उरतो. हा टाय लावलेला पक्षी दर ऑक्टोबरमध्ये नव्याने शोधला जातो. तळजाईवरच्या मोराचा पिसारा तर पाऊस संपताना झडूनच जातो. तिथे सकाळी फिरायला जाणारे चालणं कमी आणि मोर जास्त करतात. पिसारा नसलेल्या मोराचा फोटो आला की खाली सहानुभूती व्यक्त होते, क्वचित बिबट्यावर संशयही.

राज्य सरकारने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला आहे. पाच तारखेला चितमपल्लींचा जन्मदिवस, बारा तारखेला सलीम अलींचा. कल्पना सुंदर आहे, पण ती चंद्राला विचारून ठरवलेली नाही. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन नेमकं १२ नोव्हेंबरला आलं. त्या संध्याकाळी बिबवेवाडीच्या आकाशात जे जे उडालं त्याला शेपूट होतं, पंख नव्हते. त्या आठवड्यातल्या सगळ्या फोटोंत आकाशकंदील आहेत. चितमपल्लींना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. काकांनी त्या दिवशी 'पक्षिकोशा'च्या मुखपृष्ठाचा फोटो टाकला. तो मात्र हलला नव्हता.

थंडीची पहिली वर्दी धोबी देतो. हिमालयातून, त्याही पलीकडून आलेला हा सडपातळ पक्षी आमच्या पार्किंगमध्ये, गाड्या धुणाऱ्या पोराने केलेल्या ओल्यात, शेपटी वरखाली करत फिरतो. एवढा प्रवास करून पार्किंगच का निवडतो, हे त्याचं त्याला ठाऊक. काकांनी जमिनीवर पालथं झोपून त्याचा फोटो काढला. फोटोत धोबी होता, आणि मागे डी विंगची मोटार ए विंगच्या जागेत उभी होती, नंबरप्लेटसकट. तिथून पुढे दोन दिवस ग्रुपवर जे झालं त्यात धोब्याचा उल्लेख नाही.

मग भोरड्या येतात. गुलाबी अंग, काळं डोकं, मध्य आशियातून आणि युरोपच्या पूर्वेकडून आलेले थवेच्या थवे. संध्याकाळी मार्केट यार्डाच्या वरून ते वळतात तेव्हा भुसार गल्लीतले हमालसुद्धा घटकाभर मान वर करतात. फोटोत त्यातलं काही येत नाही. लेन्सवर धूळ बसल्याची शंका येते. संक्रांतीच्या सुमारास फोटोंत पतंग दिसतात आणि तारांवर लोंबणारा मांजा दिसतो. नायलॉनच्या मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे. झाडात अडकलेली घार सोडवायला शिडी घेऊन येणाऱ्या अग्निशमन दलाच्या जवानांना बंदीची माहिती आहे, एवढं नक्की.

परदेशी गेलेली मुलंही हिवाळ्यात फोटो पाठवतात. आजींच्या नातवाने न्यू जर्सीहून कार्डिनल पाठवला. लालभडक पक्षी, पांढरा बर्फ, मागे कुंपण. सगळ्यांनी वाहवा केली. आजींनी फोटो पुष्कळ वेळ मोठा करून पाहिला आणि सुनेला फोन लावला : "अगं, मागे कुठेच काही वाळत नाही. धुणं कधी धुतेस?"

थंडीतच काकांच्या मित्रमंडळाची भिगवण सहल निघते. पहाटे साडेचारला बिबवेवाडीतून निघायचं, सोलापूर रस्त्याने कुंभारगाव गाठायचं, मच्छीमारांच्या होडीत बसून उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी बघायचे. धरण १९८० सालचं. आपण पुण्यातून मुठेत जे सोडतो ते भीमेतून शेवटी तिथेच पोहोचतं, त्यामुळे पुणेकरांना त्या रोहितांवर थोडा मालकी हक्क वाटतो. होडीत सगळ्यांच्या अंगावर झाडाझुडपांच्या रंगाचे कपडे असतात. भोवती शंभर मीटरवर एकही झाड नसतं. मांडीवर तोफेएवढ्या लेन्स. एका लेन्सच्या किमतीत आमच्या दोन्ही लिफ्ट बदलून झाल्या असत्या, असं खजिनदारांनी एकदा हिशेब करून दाखवलं होतं.

या सहलीत काकांना त्यांच्या आयुष्यातला सर्वांत चांगला फोटो मिळाला. रोहित उडताना, पंखांचा लालकाळा रंग लखलखीत, मागचं पाणी विरघळून नुसतं निळं. काकांनी ग्रुपवर टाकला. अंगठे आले, हात जोडलेले आले. मग आजींचं आलं : "छान आहे. कुठल्या कॅलेंडरवरचा?"

काकांनी सांगितलं, मी काढलाय. आजी म्हणाल्या, "मागे काहीच नाही हो. कधीचा, कुठला, कसं समजायचं?" काकांनी तारीख, वेळ, लेन्सचा नंबर पाठवला. पाठिंबा मिळेना. शेवटी त्यांनी चिडून, टाकून दिलेल्यांपैकी एक फोटो पाठवला. त्यात रोहित अर्धाच होता, पण कोपऱ्यात होडीवाल्याची गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, काकांचा चहाचा थर्मास आणि मित्राच्या हातातली पोळीची अर्धी सुरळी आली होती. "आता पटलं," आजी म्हणाल्या. "तो थर्मास तुमच्या सासूबाईंचा."

हे इथवर खेळीमेळीने चाललं होतं. फाल्गुनात धनेश आला.

सहकारनगर, तळजाई या भागांत धनेश दिसतो. आमच्या मागच्या उंबराला फळं धरली की तोही कधीतरी जोडीने फेरी मारतो. राखाडी रंग, लांब शेपटी, चोचीवर आणखी एक चोच बसवल्यासारखं शिंग. विणीच्या दिवसांत याची मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट ठेवते. नर बाहेरून फळं आणून त्या फटीतून भरवतो, दिवसेंदिवस. काकांनी उंबरावरच्या नराचा फोटो काढला आणि या खेपेस सगळंच जुळून आलं. ऊन चांगलं होतं, हात स्थिर होता. पक्षी स्पष्ट आला. आणि मागची डी विंगही स्पष्ट आली.

आजींनी फोटो मोठा केला. "चौथ्या मजल्यावरची गॅलरी कधी बंद केली? गणपतीत तर उघडी होती."

चौथ्या मजल्यावर सचिव राहतात.

मग ग्रुपवरच्या लोकांनी वर्षभराचे फोटो उकरून काढले. जुलैतला बगळा : मागे गॅलरी उघडी, ताडपत्री. पितृपक्षातला कावळा : गॅलरी उघडी, आत सायकल. दिवाळीतली साळुंकी : गॅलरीत वाळूच्या गोणी. संक्रांतीची घार : बॉक्स ग्रिल, वर पत्र्याची शेड, शेडखाली वॉशिंग मशीन. पालिकेच्या दप्तरातसुद्धा सापडणार नाही इतका सुसंगत पुरावा निघाला, आणि प्रत्येक पुराव्यात कोपऱ्यात एक पक्षी हललेला होता. धनेशाच्या मादीला ढोल बंद करायला कुणाची परवानगी लागत नाही, सचिवांना सर्वसाधारण सभेची लागते, असं काकांनी शास्त्रीय माहिती म्हणून लिहिलं. त्यांचा हेतू शुद्ध होता. कुणाचा विश्वास बसला नाही.

सभेत ऐनवेळच्या विषयांत हा विषय आला. फोटो हातोहात फिरले. सचिवांनी बचावात एकच मुद्दा मांडला : हे फोटो पक्ष्यांचे आहेत, त्यातलं बांधकाम ग्राह्य धरता येणार नाही. यावर आजींनी विचारलं, "यात पक्षी कुठाय ते दाखवा." सचिवांनी चष्मा लावून तीन फोटो तपासले आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारी सूचना लागली. 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, पक्ष्यांची छायाचित्रे काढताना इतर सभासदांच्या गॅलऱ्या, गच्ची, वाळत घातलेले कपडे व पाण्याच्या टाक्या छायाचित्रात येणार नाहीत याची दक्षता घ्यावी. पक्षी आकाशात असतानाच छायाचित्र काढावे. आदेशावरून.' संध्याकाळपर्यंत त्याखाली कुणीतरी बॉलपेनने लिहिलं होतं : 'पक्ष्यांनाही प्रत द्यावी.'

आठवडाभर ग्रुपवर नुसतं आकाश येत होतं. मग एका सकाळी सचिवांचा पहिला फोटो आला. काकांपेक्षाही जास्त झूमचा कॅमेरा घेतला होता म्हणे, हप्त्यावर. फोटो अत्यंत स्पष्ट होता, आणि खाली पुस्तकात असते तशी पूर्ण नोंद :

"पक्षी : पारवा. स्थळ : ए विंग, दुसरा मजला, खजिनदारांची गॅलरी. रंग : निळा पत्रा. आकार : सहा फूट बाय चार फूट. स्थलांतर : स्वतःहून करत नाही, करायला लावावे लागेल."